ब्रेकवरचा पाय

बस भिंतीवर आदळूनही एकाही प्रवाशाला खरचटलं नव्हतं, पण ड्रायव्हरचा उजवा पाय तेव्हापासून ब्रेक दाबूनच होता. जेवताना, टीव्ही बघताना, झोपेतही. “पाय सैल सोडा ना,” बायको म्हणायची. डॉक्टरांचंही तेच. सैल सोडायला तो काय पँटचा पट्टा होता? शेवटी बायकोने त्याला ओढतच व्यायामाच्या वर्गात आणलं. तिथल्या बाईंनी उताणं निजवलं, तळपायाशी भिंतीला लावून उशी ठेवली आणि म्हणाल्या, “दाबा. पूर्ण दाबा.” तो चमकला. दाबायला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. दात आवळून त्याने उशी चेपली. मांडी थरथरली, घाम फुटला. “थांबली बस?” “थांबली.” “सगळे उतरले?” “उतरले.” “मग पाय काढा.” पाय आपसूक कलंडला. थोड्याच वेळात तो घोरू लागला. बाई उठवायला वाकल्या, तशी बायको कुजबुजली, “राहू द्या. आत्ताच ड्यूटी संपलीय त्यांची.”