टेकाडावरच्या शिंपल्या

"अहो, पुरातत्त्व खात्याचा इन्स्पेक्टर आलाय. सोबत दुकानात येणारे तुमचे रंगीही आहेत," नीलांबरी म्हणाली.

सुधाकरनं हातातलं फावडं खाली ठेवलं.

न्यूझीलंडमधल्या टौरंगा शहराबाहेरच्या या टेकाडावर स्वतःचं घर व्हावं म्हणून दोघांनी अकरा वर्षं भाड्याच्या घरांत काढली होती. तो फार्मासिस्ट, ती नर्स. गेल्या आठवड्यात पायासाठी खोदताना खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा हातभर जाड थर लागला, त्याखाली चुलीची काळी राख. इथल्या मूळ माओरींची जुनी वस्ती निघाली तर बांधकाम थांबणार. त्यानं थरावर ताडपत्री टाकून वर माती ओढली होती. तरी कुणीतरी कळवलंच.

इन्स्पेक्टरनं कागद पुढे केला. "पुरातन जागा तपासायला कायद्यानं मला आत येता येतं. मिस्टर रंगी इथल्या जमातीतर्फे आलेत."

"किया ओरा, डॉक," रंगींनी माओरीत नमस्कार केला. सुधाकर या म्हाताऱ्या रंगींना दर महिन्याला ब्लडप्रेशरच्या गोळ्या द्यायचा, एवढ्यावर ते त्याला डॉक म्हणत.

इन्स्पेक्टर तासभर फिरला. काही सापडेना. रंगी मात्र हॅट हातात धरून नुसते खाडीकडे बघत उभे होते.

सुधाकरला वडील आठवले. गाव धरणात गेल्यावर तेही असेच काठावर उभे राहायचे. बोट करून सांगायचे, तो आपला गोठा, ते खळं, त्या वडावर आम्ही सूरपारंब्या खेळायचो. लहानग्या सुधाकरला फक्त पाणी दिसायचं.

त्यानं बायकोकडे पाहिलं.

"दाखवून टाका," ती हळूच म्हणाली. "असल्या घरात झोप नाही लागायची."

सुधाकरनं माती सारून ताडपत्री ओढून काढली.

इन्स्पेक्टर गुडघ्यांवरच बसला. "केवढा थर! आता इथं घर होणं कठीण. किती जुना असेल, मिस्टर रंगी? तीनशे वर्षं?"

रंगींनी वाकून एक शिंपली उचलली, अंगठ्यानं माती पुसली. मग ते इन्स्पेक्टरकडे वळले.

"कायद्याला एकोणीसशे सालाआधीचं लागतं ना?"

"हो. नंतरचं असेल तर मला काहीच करता येत नाही."

"मग मिटा तुमची फाइल," रंगी म्हणाले. "या एकोणीसशे एक्कावन्न सालच्या. टेकाड आमच्या हातून जायच्या आदल्या वर्षी माझ्या लग्नाची पंगत इथंच बसली होती."