पुलावरचा फोटो

“हनुवटी जरा वर, आजोबा. हां, अस्सं. आता हलायचं नाही,” कॅमेऱ्यामागून मार्नी म्हणाली.

ल्यूशस बॅस्किन हलणार होता थोडाच! अंगात चर्चला जायचा राखाडी सूट, पायांत बायकोने लख्ख पुसून दिलेले बूट. सॉर्गम क्रीकवरच्या लाकडी पुलाच्या कठड्याला हात टेकून तो असा उभा होता, जसा काही पूल त्याच्या बापाचाच आहे. टाय गळ्याला काचत होता, पण त्याने हूं की चूं केलं नाही. ह्या फोटोची वाट बघण्यात त्याची निम्मी हयात गेली होती.

तरुणपणी त्याने तीन अल्बम काढले. शब्द त्याचे, चाली त्याच्या. गाणी गावाकडच्या गोऱ्यांची, गिटारवरची, आणि गळा मात्र काळ्यांच्या चर्चमध्ये तापलेला. पहिल्या अल्बमच्या कव्हरचा फोटो काढायला सगळे ह्याच पुलावर आले होते. ल्यूशस तेव्हाही सूट घालून आला होता. रेकॉर्ड कंपनीच्या मालकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमाने सांगितलं, “ल्यूशस, जरा बाजूला हो. तुझ्या आवाजाला गिऱ्हाईक आहे रे, चेहऱ्याला नाही.”

कव्हरवर नुसता पूल आला. अलाबामातल्या गोऱ्यांच्या रेडिओने ती गाणी डोक्यावर घेतली. जिल्ह्याच्या जत्रेत गायला बोलावणं आलं. तो मंचाकडे निघाला तेव्हा फाटकावरच्या माणसाने त्यालाच विचारलं, तुझा गायक कुठाय? त्यानंतर गोऱ्यांचा रेडिओ गप्प झाला. दुसऱ्या अल्बमवर बुटांचं चित्र आलं, तिसऱ्यावर घोडा आला, पण काळ्यांची स्टेशनंही म्हणाली, हा तर गोऱ्यांसारखा गातो. गडी ना घरचा राहिला ना घाटचा. पुढे आयुष्यभर त्याने शाळेची बस चालवली.

“तुझ्यापेक्षा त्या घोड्यालाच जास्त लोक ओळखतात,” त्याची बायको अर्लीन अजून चिडवायची. तो हसायचा. आत कुठेतरी ते टोचायचं, आणि तेही तिला कळायचं.

आणि मग गेल्या महिन्यात नॅशव्हिलहून फोन आला. एका नव्या कंपनीतला केंडल नावाचा पोरगा बोलत होता. त्याला ल्यूशसचं गाणं न् गाणं पाठ. तिन्ही अल्बम सीडीवर काढायचे म्हणत होता. “आता बूट नाहीत, घोडा नाही. ह्या वेळी कव्हरवर तुमचा चेहरा, सर. त्याच पुलावर. इतकी वर्षं लोकांनी तो बघितलेला नाही, अन्यायच झाला हा.” ल्यूशसने फोन ठेवला आणि मागच्या ओट्यावर जाऊन लहान मुलासारखा रडला. अर्लीनने सूट उन्हात घातला.

आज तो खालच्या कच्च्या वाटेने पोचला तेव्हा केंडल त्याची वाट बघत वर मोठ्या रस्त्यावर जाऊन थांबला होता. खाली मार्नी एकटीच कॅमेरा लावत होती. ल्यूशसने तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “बरं झालं बाई, आलात! इथे उभे राहता का?” तो उभा राहिला.

कॅमेऱ्यातून झटपट फोटो बाहेर आला. मार्नीने तो हवेत हलवला, उजेडात धरून निरखला. ल्यूशसनेही मान पुढे काढली. पांढऱ्या चौकटीत पूल होता, आणि पुलावर तो होता. सुरकुती न् सुरकुती स्पष्ट. आता मेलो तरी चालेल, असं त्याला वाटून गेलं.

“झकास,” मार्नी म्हणाली. “सावली बरोबर पडतेय. उजेड तेवढा कमी करायला हवा. तुमच्या चेहऱ्याला इतका लागतो हो, पण त्याचा गोरा चेहरा पार पांढराफटक येईल.”

“कुणाचा?”

“गायकाचा! येईलच एवढ्यात. म्हातारा माणूस, त्याला उन्हात ताटकळत कशाला ठेवायचं, म्हणून उजेड बघायला आधी तुम्हाला उभं केलं. फार उपकार झाले हं, आजोबा. हा फोटो ठेवा तुम्हाला, आठवण म्हणून.” तिने फोटो त्याच्या हातात दिला आणि पुन्हा कॅमेऱ्यात डोकं घातलं. “आता जरा बाजूला होता का?”

तो बाजूला झाला. पायांना सवयच होती. फोटो खिशात घालून तो आपल्या जुन्या ट्रकपाशी गेला आणि दाराला हात लावून उभा राहिला. अर्लीनला काय सांगायचं, ते त्याला सुचेना.

तेवढ्यात वरून केंडल आला, घामाघूम आणि वैतागलेला. “अजून पत्ता नाही! घरी फोन केला, तर बायको म्हणते, केव्हाच निघाले.” मग त्याची नजर ल्यूशसकडे गेली. “आजोबा, तुम्ही इथलेच ना? ल्यूशस बॅस्किनला ओळखता?”

“लहानपणापासून.”

“देवासारखे भेटलात! दिसतो कसा हो तो? मी नुसता आवाजच ऐकलाय. काय गातो! डोळे मिटले की समोर उभा राहतो बघा, उंच, निळ्या डोळ्यांचा, उन्हाने लालबुंद झालेला शेतकरी.”

ल्यूशसने ट्रकच्या दारावरचा हात काढला. खिशातला फोटो बाहेर घेतला, बाहीने पुसला आणि केंडलच्या तळहातावर ठेवला.

“असा,” तो म्हणाला. “आणि त्या पोरीला सांग, उजेड कमी करू नकोस.”