शेवटचा टॉवर

"मावशी, पाच मिनिटं देतो. त्याहून जास्त माझ्या हातात नाही," टॉवर बंद करायला आलेला टेक्निशियन शेलार म्हणाला.

कुमुदने मान हलवली. मेंदूच्या झटक्यानंतर दिगंबररावांची स्मरणशक्ती डोक्यात बसवलेल्या चिपवर चालायची आणि ती चिप फक्त जुनं नेटवर्क पकडायची. नवी बसवायला त्यांचं वय आड आलं. जुने टॉवर एकेक करून बंद होत गेले, तसं बिऱ्हाड हलवत हलवत तिने या शेवटच्या टॉवरखाली आणलं होतं.

सांगायचं पुष्कळ होतं. ती त्यांच्या खुर्चीजवळ बसली.

"कुमे, चहा टाकतेस?" त्यांनी विचारलं.

बेचाळीस वर्षांच्या सवयीने ती उठली. आधण ठेवलं, आलं किसलं, त्यांचा मोठा कप विसळला. चहा उकळून वर आला, तेव्हा तिला ती पाच मिनिटं आठवली. कप घेऊन ती धावत बाहेर आली. टॉवरवरचा लाल दिवा विझला होता.

दिगंबरराव अदबीने उठून उभे राहिले. दोन्ही हातांनी कप घेत म्हणाले, "कशाला त्रास घेतलात, बाई? यजमान कुठे दिसत नाहीत?"