पहिला मोहोर

"खुड तो मोहोर," पडवीत बसलेले अण्णा म्हणाले.

वैजूचा हात आंब्याच्या कलमापाशीच थांबला. आईने गेल्या पावसाळ्यात स्वतः लावलेलं हे शेवटचं झाड, आणि दिवाळीनंतर तिची रक्षाही याच्याच मुळाशी घातलेली. यंदा मोहोर यायचाच नाही, असं वैजूने मनाशी उगाच धरलं होतं. तरी माघ लागला, कोकीळ ओरडायला लागला आणि कमरेएवढ्या कलमाला एक तुरा फुटला.

"राहू दे ना अण्णा, एवढा एकच. आईने पाठवल्यासारखा वाटतो."

"तुझी आईच पहिले मोहोर खुडायची गो, सगळ्या कलमांचे. एवढ्याशा झाडाला फळ झेपत नाही, मरतं ते. माझे हात कापतात, नाहीतर तुला कशाला सांगितलं असतं?"

वैजूने झाडाकडे पाहिलं. आईचं एवढंच तर उरलं होतं. तिने तुरा मोडला. बोटांना चीक लागला. तळहातावर मोहोर अजून घमघमत होता.

कुठूनशी एक मधमाशी आली आणि खुडलेल्या फुलांत मध शोधू लागली. वैजूने हात हलवला नाही.