पहिले दहा नंबर

"दाबून दाबून अंगठा झिजला माझा! एक ते दहा नंबर लागतच नाईत. कोन्या शहान्यानं बनवलं हे?" पुंडलिकरावांनी मोबाइल काउंटरच्या जाळीवर आपटला.

जाळीमागे बसलेल्या भावनाच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. शहाणी तीच होती. बारावीतल्या पोरीनं सिंदीच्या दवाखान्यासाठी मोबाइलवरून नंबर लावायचं वेब पान बनवलं, म्हणून शाळेत टाळ्या वाजल्या होत्या. पानाच्या तळाशी तिचं नाव होतं. आणि आता महिनाभर तेच नाव घेऊन लोक शिव्या घालत होते.

"कॉम्प्युटर हाये बाई, रुसते कधी कधी. चहा घे," कंपाउंडर हिरालाल तिला म्हणाला.

"चहा नको मले!"

डॉक्टर मॅडम नागपूरहून फक्त मंगळवारी यायच्या. चाळीस पेशंट, एक जास्त नाही. सकाळीच त्यांचा फोन आला होता. सगळे नंबर मोबाइलवरूनच द्यायचे, आणि संध्याकाळपर्यंत पान नीट झालं नाही तर काम नागपूरच्या माणसाला. सोमवारचे दोन वाजले होते.

भावनानं बाह्या सरसावल्या.

तिच्या पानाच्या पोटात दुसरं एक छोटं पान बसवलेलं होतं. ती फ्रेम. चाळीस नंबरांची बटणं त्या फ्रेममध्ये. माऊस बाहेर फिरतोय तोवर बाहेरच्या पानाला सगळं कळायचं. फ्रेमच्या काठावरून आत सरकला की बाहेरचं पान एकदम आंधळं. त्यामुळे तिचा सगळा संशय फ्रेमवरच होता. दोन दिवस तिनं काठाची मापं बदलून पाहिली होती. ढिम्म.

"फ्रेम गेली खड्ड्यात," ती पुटपुटली आणि आतच शिरली. क्लिक नेमकी कोणावर पडते, त्याचं नाव पडद्यावर लिहून यावं अशी ओळ तिनं टाकली.

अकरावर क्लिक केलं. पडद्यावर आलं, 'अकरा'.

दहावर केलं. आलं, 'झाकण'.

नवावर, 'झाकण'. एकावरही 'झाकण'.

असलं काही तिनं लिहिलंच नव्हतं! तिनं त्या झाकणाला लाल रंग दिला. पहिल्या दहा बटणांवर लांबच लांब लाल पट्टा उमटला. कोणीतरी वरून पारदर्शक काच अंथरली होती. बोट असो की माऊस, क्लिक काचेवर पडायची आणि तिथंच मरायची.

पासवर्ड दोघांकडेच होता. ती आणि हिरालाल.

तिनं काउंटरवरची वही ओढली. मागच्या चारही मंगळवारी एक ते दहा नंबर हिरालालच्या अक्षरात भरलेले.

"काका! हे तुमी केलं?"

हिरालालनं आधी दाराकडे पाहिलं. "हळू बोल. पुतन्या पुन्याले इंजिनिअर हाये. त्याच्याकडून टाकून घेतलं."

"मंजे आपल्या गोतावळ्याले पुढचे नंबर, अन् लोकाच्या शिव्या मले?"

"तसं नाई, पोरी. ऐकून तं घे..."

"मले काईच आयकाचं नाई! महिनाभर चहा पाजून पाजून येडी बनवून राह्यले मले!"

"आजच्या दिवस राहू दे ते. उद्या येजो, सांगतो. मॅडमले फोन नको करू."

ते ऐकूनच तिनं फोन लावला. सगळं घडाघडा सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "काढून टाक ते. हिरालालशी मी उद्या बोलते."

भावनानं झाकण पुसलं. चार मिनिटांत दहाच्या दहा नंबर भरले. चाळीसच्या चाळीस. पुंडलिकराव जाळीतून ओरडले, "लागला! मले तीन नंबर लागला! वा रे पोरी!" तिनं हिरालालकडे असं पाहिलं, की त्यानं वही मिटून खाली मान घातली.

मंगळवारी शाळेआधी ती मुद्दाम दवाखान्यात गेली. मॅडम हिरालालला काय बोलतात ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

मॅडम अजून यायच्या होत्या. शटर अर्धंच उघडलेलं. हिरालाल आत उभा होता, पण बाहेर येत नव्हता.

पायरीपासून फाटकापर्यंत चपलांची रांग लागली होती. एकामागे एक, दहा जोड. खेड्यांवरून पहिल्या एसटीनं आलेली म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसली होती. कोणाच्या हातात एक्स-रेची पिशवी, कोणाच्या हातात काठी. मोबाइल एकाच्याही हातात नव्हता.

"आता तूच सांग त्याइले, दहाही नंबर गेले म्हनून," हिरालाल म्हणाला.

एक आजी भिंतीचा आधार घेत उठली आणि भावनाजवळ आली.

"लिहून घे माय. जिजाबाई. माही चप्पल पयली हाये."