नाव घासलेली चिप

“हिच्यावरचं नाव कुठं गेलं?” मास्तरांनी चिमट्यात धरलेला प्रोसेसर खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला.

“घासून टाकलंय. नाव न बघता तपास,” बहीण म्हणाली. “पाच वाजता मालकांची बैठक आहे. आमचा विभाग ठेवायचा की त्याला कुलूप लावायचं, ते तू काय लिहितोस त्यावर ठरेल.”

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हते. बाजारात येणारा प्रत्येक नवा प्रोसेसर ते घरच्या टेबलावर तपासत आणि दहापैकी गुण देत, म्हणून वाचकांनी त्यांना ते नाव चिकटवलं होतं. गुण देताना हात असा आखडता, की सात मिळाले तरी कंपन्या पेढे वाटायच्या बेतात असत.

बहीण अशाच एका छोट्या कंपनीत चिपा घडवायची. तिच्या पहिल्या चिपेला मास्तरांनी गेल्या वर्षी तीन गुण दिले होते. ‘खेळायला नको, चित्रफिती जोडायला नको, चहाचं आधण ठेवायला मात्र उत्तम,’ असं वर लिहिलंही होतं. सख्ख्या बहिणीलासुद्धा सोडलं नाही म्हणून लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. तिच्या कंपनीच्या गिऱ्हाइकांनी मात्र मागण्या मागे घेतल्या, आणि बहिणीनं वर्षभर फोन केला नाही. आज ती आपणहून दारात उभी राहिली तेव्हा मास्तरांना मनातून फार बरं वाटलं होतं. तसं बोलून दाखवतील तर ते मास्तर कसले!

“दयामाया होणार नाही हं,” ते म्हणाले.

“मागितलीय कुणी?”

गेल्या वर्षीचाच मदरबोर्ड चालेल, असं ती म्हणाली. मास्तरांनी चिप त्यात बसवली, तिची उष्णता कूलरकडे वाहून नेणारी वाटाण्याएवढी पेस्ट तिच्यावर ठेवली, चिप थंड ठेवणाऱ्या कूलरचं नवं खोकं फोडलं. आतली पिशवी, पुठ्ठा, कूलरच्या तळाची पारदर्शक पट्टी, एकेक सोलून त्यांनी टोपलीच्या दिशेनं भिरकावलं. अर्धं बाहेर पडलं.

“नेम अजून तसाच आहे तुझा,” म्हणत बहिणीनं खाली वाकून सगळं गोळा केलं.

मास्तरांनी चार स्क्रू आवळले आणि कळ दाबली.

आधी खेळ लावला. पडद्यावर जंगल उभं राहिलं. पानापानाची सावली वेगळी, ओढ्यात हलणारं आभाळ वेगळं. एवढं जंगल पेलताना भलेभले प्रोसेसर धापा टाकत. मास्तरांनी घोडा भरधाव सोडला आणि कोपऱ्यातला आकडा पाहिला. सेकंदाला तीनशे साठ फ्रेम. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तीनशे बासष्ट.

“गरम किती?” बहिणीनं विचारलं.

“एकसष्ट अंश.” मास्तरांचा आवाज आपोआप खाली आला होता.

मग त्यांनी हुकमाचा पत्ता काढला: एका लग्नाची चाळीस मिनिटांची चित्रफीत, सहा कॅमेऱ्यांची, रंग सुधारून एकत्र जोडायची. ही चित्रफीत घालून त्यांनी आजवर कितीतरी प्रोसेसरांना रडवलं होतं. एरवी ती लावून ते निवांत जेवून येत. आज ते पाणी प्यायला उठले आणि तांब्या तोंडाला लावेपर्यंत मागून ‘टिंग’ वाजलं.

ते तांब्या घेऊनच परत आले. सगळं जागच्या जागी होतं. नवरीच्या शालूवरची जरसुद्धा.

“पुन्हा लावतो,” ते म्हणाले. पुन्हा ‘टिंग’. मग खेळ आणि चित्रफीत दोन्ही एकदम लावली. घोडा अडखळला नाही, की पंख्यानं आवाज चढवला नाही. वीस वर्षं या धंद्यात काढलेला तो माणूस लहान मुलासारखा पडद्याला नाक लावून बसला. नखाएवढ्या वाळूच्या तुकड्याकडून माणूस हे करून घेतो, या विचारानं त्यांच्या अंगावर काटा आला. आणि ते करून घेणारी बाई आपली धाकटी बहीण आहे, या विचारानं डोळे भरून आले.

बहीण पडद्याकडे बघतच नव्हती. ती भिंतीवरच्या फळीपाशी उभी होती. तिथं गेल्या वर्षीचा कूलर होता. तिच्या चिपेसाठी मास्तरांनी तो नवाकोरा आणला होता, आणि तपासणी संपल्यावर वाळलेल्या पेस्टसकट तसाच फळीवर मांडला होता. समोर चिठ्ठी: ‘हाही हरला.’ तिनं तो उचलला, उलटा करून पाहिला, बराच वेळ पाहिला आणि अलगद जागेवर ठेवला.

“दादा, गुण लिही,” ती म्हणाली. चार वाजले होते.

मास्तरांनी कोरा कागद ओढला. ‘माझ्या हाताखालून याहून सरस प्रोसेसर गेलेला नाही. दहापैकी साडेनऊ.’ खाली सही ठोकली.

“अर्धा कुठं गेला?”

“तुला गर्व होऊ नये म्हणून.” ते हसले. मग घसा खाकरून म्हणाले, “वर्षभरात कुठून कुठं आलीस गं! वाईट वाटून घेऊ नकोस, पण गेल्या वेळचे ते तीन गुण तुला लागले. त्या फटक्यानंच तू ही घडवलीस.”

बहिणीनं कागदावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

“बरं, नाव काय लिहू?”

“गेल्या वर्षीचंच.”

“त्याच नावानं काढताय? मग बदललंस काय तेवढं सांग. लोक विचारतील.”

“काही नाही बदललं. फक्त नाव घासलं. तीच चिप आहे, तूच परत पाठवलेली.”

“काहीतरीच!” मास्तर म्हणाले. “ती शंभरावर तापत होती. मी स्वतः बसवली होती, या हातांनी.”

बहिणीनं फळीवरचा कूलर आणून त्यांच्यापुढे उलटा ठेवला. तळाला वाळलेल्या पेस्टचा थर होता, आणि थर संपत होता तिथं, कडेला, पारदर्शक पट्टीवरची बारीक अक्षरं स्वच्छ वाचता येत होती: बसवण्यापूर्वी ही पट्टी काढावी.