बेचाळीस नंबरचा कोट

"बाई, श्वास सोडा."

"सोडलाय, मास्टर."

"मग कंबर कुठं गेली?"

कपड्यांच्या कारखान्यातल्या सॅम्पल रूममध्ये ती बूट काढून मोज्यांवर उभी होती. मास्टरांनी टेप झटकला आणि पुन्हा तिच्या कंबरेभोवती फिरवला. कंबर पुन्हा दीड इंच कमीच भरली. शेजारच्या टेबलावर कापड कापणाऱ्या बायका कात्र्या थांबवून बघायला लागल्या.

तिचं कामच माप देण्याचं होतं. नवा कपडा आधी तिच्या अंगावर चढायचा. ती हात वर करायची, वाकायची, खुर्चीत बसायची आणि कुठं ओढतंय, कुठं फुगतंय ते सांगायची. मग त्या मापावर बेचाळीस नंबरचे हजारो कपडे कापले जायचे. कारखान्यात तिला सगळे 'बेचाळीस' म्हणत, आणि प्रेमानं म्हणत. घरी मात्र नवऱ्याखेरीज कुणालाच हे ठाऊक नव्हतं. "चेकिंगला आहे," असं ती ठोकून द्यायची. जाड असण्याचा पगार मिळतो, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"काय केलंत काय?" मास्टरांनी विचारलं.

"डिटॉक्स," ती खाली बघत म्हणाली.

आठवडाभर हिरवा रस, लिंबूपाणी आणि डब्यातली कसलीशी पावडर, बस्स. शरीरातली घाण निघून जाते म्हणे. घाण गेली की नाही ते कळायला मार्ग नव्हता. चक्कर मात्र येत होती आणि नवरा समोर दिसला की त्याच्यावर खेकसावंसं वाटत होतं. हे खूळ थोरल्या जाऊबाईंनी तिच्या डोक्यात भरवलं होतं. घरातल्या सगळ्यांचा फोटो बघून त्या म्हणाल्या होत्या, "आपण दोघींनी अर्धं घर झाकून टाकलंय बघ. मी केलंय ते डिटॉक्स, पिसासारखी हलकी झाले. तूही कर." एक-दोन किलोंनी कुणाला काय कळणार, असं वाटून हिनं सुरू केलं.

"आज बुधवार," मास्टर म्हणाले. "सोमवारी ग्राहक कंपनीच्या मॅडम येतायत, थंडीचे कोट पास करायला. स्वतःचा टेप आणतात त्या. माप जुळलं नाही तर दुसरी बाई बघतील. माझ्या हातात काही नाही."

"थोडा कापूस भरला तर?"

"कापूस चालला असता तर पुतळाच ठेवला असता की."

एरवी असं बोलून मास्टर हसले असते. आज हसले नाहीत. सगळ्या जगात हीच एक खोली होती, जिथं तिच्या अंगाला कुणी नावं ठेवत नव्हतं. तीही आपण आपल्या हातानं घालवली, असं तिला वाटलं. संध्याकाळी ती घरी आली.

खालच्या मजल्यावर थोरल्या जाऊबाई थंडीमुळे कोट घालूनच मटार सोलत बसल्या होत्या.

"ये, बस. हा कोट आहे म्हणून जिवंत आहे बघ. मेला हा एकच मला धड बसतो. खांद्यात ओढत नाही, पोटावर ताणत नाही. कुणा शहाण्यानं कापलाय देव जाणे."

यावर तिनं नेहमीसारखी मान खाली घालून शेंग सोलायला घेतली. मग एकदम म्हणाली, "वहिनी, खरं सांगा. तुमचं वजन परत आलं होतं का?"

जाऊबाईंचा चेहरा पडला. त्यांनी उठून दार लोटलं.

"कुणाला बोलू नकोस हं. नुसतं पाणी गं ते. जेवायला लागले आणि चार दिवसांत सगळं माघारी आलं."

"सगळं?"

"सगळं. वर थोडं चढलंच."

"वर नको!" ती ओरडली आणि जाऊबाईंच्या गळ्यात पडली.

"मी इथं लाजेनं मरतेय आणि तुला हसू येतंय?" जाऊबाई म्हणाल्या. पण ही रडतेय की हसतेय, ते त्यांनाही नीट कळेना.

त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. भात, अंडी, उकडलेले बटाटे. दुसऱ्या दिवशीही जेवली, तिसऱ्याही. पावडरीचा डबा धुऊन त्यात तिनं बटणं भरली. चक्कर थांबली. नवरा पुन्हा न घाबरता घरात वावरू लागला.

सोमवारी मॅडमनी पिशवीतून टेप काढला.

"श्वास सोडा."

तिनं सोडला. टेप जिथं भिडायचा तिथंच भिडला. मॅडमनी मान डोलावली, आणि मास्टर मटकन स्टुलावर बसले. मग नवा कोट तिच्या अंगावर चढला. तिनं हात वर केले, वाकली, खुर्चीत बसली, डाव्या काखेत जरासं ओढतंय म्हणून सांगितलं. दुपारी कापायला सुरुवात झाली. एवढं हलकं तिला आठवडाभराच्या रसानंही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी जाऊबाई जिन्यातच भेटल्या, अंगात तोच कोट.

"आज स्वारी खूश दिसतेय! त्या दिवशी कसलं एवढं टेन्शन होतं गं? आणि माझं वजन परत आलं, त्याचा तुला कसला आनंद?"

तिनं जाऊबाईंची दुमडलेली कॉलर सरळ केली. आतली आपल्या कारखान्याची बेचाळीस नंबरची पट्टी बघायची तिला गरज नव्हती.

"वहिनी, मी चेकिंगला नाही," ती म्हणाली. "हा कोट आधी मला बसला, म्हणून तुम्हाला बसतो."